बाइकच्या नॅव्हिगेटरमधले नकाशे: जागा कशी करायची, अपडेट कधी घ्यायचं

रस्ता नुकताच झालेला असतो, बाइक त्यावरून झकास धावत असते, आणि पडद्यावरचा बाण मात्र मोकळ्या रानातून चाललेला दिसतो. यंत्र बिघडलेलं नसतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जो संदेश पाठवतात त्यात रस्ता नसतोच. त्यात असते वेळ आणि त्या उपग्रहाची जागा. त्यावरून यंत्र स्वतःचं ठिकाण काढतं. रस्ते, वळणं, एकेरी वाहतूक, वेगमर्यादा, पेट्रोल पंप हे सगळं येतं यंत्राच्या पोटात साठवलेल्या नकाशातून. नकाशा जुना झाला की ठिकाण बरोबर पण रस्ता चूक, अशी अवस्था होते.

फोनवर नकाशे बघणाऱ्याला ही भानगड माहीत नसते, कारण तिथला नकाशा गुपचूप बदलत राहतो. बाइकसाठीची स्वतंत्र यंत्रं, म्हणजे गार्मिनची झूमो किंवा टॉमटॉमची रायडर मालिका, नकाशा स्वतःजवळ बाळगतात. म्हणून तर ती नेटवर्क नसलेल्या डोंगरातही बिनबोभाट चालतात. पण मग जागा सांभाळणं आणि नकाशा ताजा ठेवणं हे काम आपल्या गळ्यात पडतं.

पहिल्यांदा अपडेट करायला बसलेल्या माणसाला बहुतेक वेळा 'पुरेशी जागा नाही' असा संदेश भेटतो. मग घाईघाईत काहीतरी उडवलं जातं आणि ते नेमकं हवं असलेलंच निघतं. म्हणून क्रम सोडू नका: आधी आत काय आहे ते बघा, मग त्याची प्रत काढा, मग जागा करा, आणि अपडेटला हात सगळ्यात शेवटी लावा.

यंत्र संगणकाला जोडा

आधी केबल तपासा. फक्त चार्जिंगच्या केबलने यंत्र चार्ज होतं, पण संगणकाला ते दिसत नाही, आणि लोक तासभर सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतात. यंत्रासोबत आलेली केबल वापरा आणि ती हबमधून न जोडता थेट संगणकाच्या पोर्टात लावा. हँडलबारवरच्या माउंटची वायर यासाठी चालत नाही, ती बाइकच्या बॅटरीवरून वीज पुरवण्यापुरती असते.

जुनी झूमो यंत्रं पेन ड्राइव्हसारखी उघडतात. झूमो एक्सटीसारखी नवी यंत्रं एमटीपी पद्धतीने जोडली जातात, म्हणजे संगणकाला अँड्रॉइड फोन जोडल्यावर दिसतो तशी. विंडोजवर यात अडचण येत नाही. मॅकच्या फाइंडरमध्ये मात्र असं यंत्र दिसतच नाही, तेव्हा घाबरू नका. गार्मिन एक्सप्रेस हे कंपनीचं सॉफ्टवेअर त्याला ओळखतं. आतल्या फाइल स्वतः बघायच्या असतील तर ओपनएमटीपीसारखं वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. टॉमटॉम रायडरसाठी मायड्राइव्ह कनेक्ट हे सॉफ्टवेअर आहे.

पोटात काय काय असतं

सगळ्यात जास्त जागा खातो मुख्य नकाशा. एखाद्या खंडाचा नकाशा म्हटला की तो कित्येक जीबींचा असतो. त्याला चिकटून चौकांची चित्रं, इमारतींचे त्रिमितीय आकार आणि डोंगरांचे चढउतार दाखवणारा भाग येतो. त्यानंतर येतात आवाज. 'उजवीकडे वळा' सांगणारे हे आवाज डझनावारी भाषांमध्ये भरलेले असतात, आणि रस्त्याचं नाव वाचून दाखवणारे आवाज साध्या आवाजांपेक्षा बरेच जड असतात. मेनूच्या भाषा, प्रत्येक भाषेतली मदतपुस्तिका, गाडीची छोटी चित्रं ही किरकोळ भरती.

आणि तुमचं स्वतःचं सामान: जतन केलेली ठिकाणं, आखलेले मार्ग, चाललेल्या वाटेची नोंद. हे सगळं मिळून आकाराने काही एमबी असतं, पण कंपनीच्या सर्व्हरवरून परत न मिळणारं तेवढंच. नकाशा दहा वेळा उतरवता येईल, तुम्ही स्वतः खूण केलेला झऱ्याकाठचा मुक्काम येणार नाही.

याशिवाय एक बेसमॅप असतो. त्यात फक्त मोठे रस्ते आणि मोठी गावं असतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

प्रत काढा

संगणकावर तारखेच्या नावाचा फोल्डर करा आणि यंत्र पेन ड्राइव्हसारखं उघडत असेल तर आतलं सगळंच्या सगळं त्यात ओढून ठेवा. त्याआधी लपवलेल्या फाइल दिसतील अशी संगणकाची सेटिंग करून घ्या. एमटीपीवाल्या यंत्रात सगळं हाती लागत नाही, तिथे निदान जीपीएक्स नावाचा फोल्डर उचला. जुन्या झूमोंमध्ये त्यात 'करंट' नावाची फाइल असते, ठिकाणं आणि मार्ग तिच्यातच असतात. जुन्या वाटांच्या नोंदी 'अर्काइव्ह' फोल्डरमध्ये साठत जातात. टॉमटॉम रायडरमध्ये ठिकाणं आणि मार्ग मायड्राइव्हच्या खात्याशी जुळवून ठेवता येतात, ते खरंच जुळले आहेत का हे ब्राउझरमधून खातं उघडून बघा.

काय उडवायचं, काय नाही

तुमच्या यंत्रात ३२ जीबी जागा असेल तर हा भाग सरळ सोडून द्या. तिथे दोन-तीनशे एमबी वाचवून काही साधत नाही आणि चुकण्याचा धोका मात्र येतो. ४ किंवा ८ जीबीचं यंत्र असेल तर वाचा.

बिनधास्त काढता येतात त्या न लागणाऱ्या भाषांच्या आवाजाच्या फाइल. तुमची भाषा आणि जोडीला एक इंग्रजी आवाज राहू द्या. परक्या भाषांतल्या मदतपुस्तिका काढा. गाणी किंवा फोटो टाकले असतील तर तेही. जुन्या वाटांच्या नोंदी प्रत काढल्यावर यंत्रातून हलवा. यंत्रात वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवण्यात तसाही अर्थ नाही, संगणकाच्या मोठ्या पडद्यावर त्या बघायला जास्त मजा येते.

हात लावायचा नाही अशा गोष्टी वेगळ्या. गार्मिनमध्ये 'जीमॅप' अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइल नकाशाच्या असतात. त्यांच्याच नावाच्या, पण 'यूएनएल' आणि 'जीएमए' शेपटीच्या चिमुकल्या फाइल बाजूला दिसतात. आकार बघून त्या फालतू वाटतात, पण नकाशाचं कुलूप त्यांच्यामुळे उघडतं. त्या गेल्या तर भलामोठा नकाशा आत असूनही यंत्र तो वापरू देणार नाही. 'गार्मिनडिव्हाइस' नावाची एक एक्सएमएल फाइलही असते. हे यंत्र कोणतं हे संगणकावरच्या सॉफ्टवेअरला तीच सांगते, ती उडवली तर सॉफ्टवेअर यंत्राला ओळखत नाही. जिचा अर्थ कळत नाही ती फाइल तशीच राहू द्यायची.

मॅकवाल्यांसाठी एक खास सूचना. पेन ड्राइव्हसारख्या उघडणाऱ्या यंत्रातून फाइल डिलीट केली तरी ती यंत्रावरच्याच एका लपवलेल्या कचरापेटीत जाऊन बसते. जागा मोकळी होत नाही. यंत्र जोडलेलं असतानाच ट्रॅश रिकामा करा. 'एवढं उडवलं तरी जागा तेवढीच का' या प्रश्नामागे बऱ्याचदा हीच गोष्ट निघते.

सगळा नकाशा हवाच कशाला?

फाइल खरवडून जागा काढण्यापेक्षा नकाशाचा प्रदेश कमी करणं कधीही बरं. युरोपचा पूर्ण नकाशा फुगत गेला आणि कमी जागेच्या जुन्या यंत्रांत मावेनासा झाला, तेव्हा गार्मिनने तो पश्चिम, मध्य, उत्तर असे भाग निवडून घेण्याची सोय दिली. अपडेटच्या वेळी सॉफ्टवेअरमध्ये नकाशाचे पर्याय उघडले की ही निवड समोर येते. टॉमटॉममध्येही प्रदेश निवडून घेता येतो, आणि खात्यावर हक्क असलेला नकाशा काढून पुढे परत उतरवता येतो.

निवडताना एकच पथ्य पाळा: ठरवलेला अख्खा प्रवास एकाच नकाशात बसला पाहिजे. दोन स्वतंत्र नकाशे शेजारीशेजारी टाकले तर पडद्यावर ते सलग दिसतात, पण गार्मिनचं यंत्र एका नकाशातून दुसऱ्यात जाणारा रस्ता आखत नाही. सीमेवर येऊन मार्ग तुटतो किंवा सरळ रेघ दिसते. तुमचा प्रवास दोन प्रदेशांच्या कडेवरून जात असेल तर मोठा प्रदेश घ्या आणि जागेसाठी कार्ड टाका.

मेमरी कार्ड

आधी मॅन्युअलमध्ये बघा, यंत्र किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतं ते. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी प्रकारातली आणि साधारणपणे फॅट३२ या रचनेत येतात. त्यावरची एसडीएक्ससी कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, आणि जुनं यंत्र ती वाचत नाही. कार्ड शक्यतो यंत्रातच फॉरमॅट करा, तशी सोय त्यात असेल तर. फॅट३२ ची आणखी एक मर्यादा: एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. स्वतः बनवलेला किंवा नेटवरून उतरवलेला मोठा नकाशा कॉपी होता होता शेवटी नकार मिळाला तर कारण हेच. कार्डावर जागा भरपूर दिसत असते, म्हणून कोडं पडतं.

बनावट कार्डांपासून सावध राहा. वर ६४ जीबी लिहिलेलं असतं, संगणकही ६४ दाखवतो, पण खरी जागा त्याच्या एका तुकड्याएवढी. ती भरली की पुढचा डेटा हवेत जातो आणि नकाशा अर्धवट उघडतो. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफ३ ही फुकट साधनं कार्ड पूर्ण भरून, वाचून बघतात. नवं कार्ड घेतलं की आधी ही चाचणी करा, वेळ लागला तरी.

कार्ड घालताना यंत्र बंद करा. काही यंत्रांत खाच बॅटरीच्या खाली असते, काहींत रबरी झाकणाखाली. झाकणाची कड नीट बसली नाही तर पहिल्याच पावसात पाणी आत जाईल, तेव्हा कडेवरची धूळ पुसून मगच दाबा. कार्ड अपडेट सुरू करण्याच्या आधी घाला, कारण कुठे किती जागा आहे याचा हिशेब सॉफ्टवेअर सुरुवातीलाच करतं.

माझा कल असा, की मुख्य नकाशा शक्य तोवर आतल्या मेमरीत आणि जादाचे नकाशे कार्डावर. बाइकचे हादरे कारपेक्षा जबर असतात. कार्डाचा स्पर्श सुटला आणि मुख्य नकाशाच गेला, तर तो नेमका अनोळखी गावाच्या चौकात जातो!

विकत घेतलेल्या नकाशाचं कार्ड असेल तर ते कधीही फॉरमॅट करू नका. तो नकाशा त्या कार्डालाच बांधलेला असतो. उतरवून घेतलेला नकाशा उलट यंत्राला बांधलेला असतो, त्यामुळे तुमचं कार्ड मित्राच्या यंत्रात घालून त्याला नकाशा मिळणार नाही.

आता अपडेट

निघायच्या आदल्या रात्री अपडेट करू नका. निदान आठवडाभर आधी करा, म्हणजे काही फसलं तर सावरायला आणि एक फेरी मारून बघायला वेळ राहतो.

पहिली पायरी: यंत्र पूर्ण चार्ज करा, लॅपटॉप विजेला लावा आणि तो झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा. लॅपटॉपवरही ऐसपैस जागा हवी, कारण नकाशा आधी तिथे उतरतो आणि उलगडतो.

दुसरी: आधी यंत्राचं सॉफ्टवेअर अपडेट करा, नकाशा त्यानंतर. 'सगळं एकदम' असं बटण असतं, पण मी ते दाबत नाही. एकेक केलं की बिघाड कुठे झाला ते कळतं. सॉफ्टवेअरचं अपडेट कंटाळवाणं वाटतं म्हणून टाळणाऱ्यांनी ६ एप्रिल २०१९ आठवावा. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांत असतो, म्हणजे १,०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. ती त्या दिवशी आली, आणि सॉफ्टवेअर न सुधारलेली काही जुनी यंत्रं तारखेचा घोळ घालू लागली. पुढची खेप नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे.

तिसरी: नकाशाचा प्रदेश निवडा, कुठे टाकायचा ते ठरवा आणि सुरू करा. गार्मिनमध्ये नकाशा संगणकावरही टाकण्याचा पर्याय असतो. बेसकॅम्प या गार्मिनच्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये मार्ग आखत असाल तर तो घ्याच, दोन्हीकडे एकच नकाशा असणं फार महत्त्वाचं आहे.

चौथी: हात लावू नका. उतरवण्याला वेळ लागतोच, पण यंत्रात भरणंही संथ चालतं, टक्केवारी एका आकड्यावर अडून बसते. अडलं असं वाटून केबल उपटणं हे नकाशा बिघडण्याचं ठरलेलं कारण. झालं की 'इजेक्ट' करून मगच केबल काढा. वाय-फायवरून अपडेट घेणारी यंत्रंही त्या काळात विजेला लावून ठेवा.

मध्येच तुटलंच, तर यंत्र सुरू करून बघा. फक्त मोठे रस्ते दिसत असतील तर तो मघाचा बेसमॅप आहे, मुख्य नकाशा भरला गेलेला नाही. यंत्र मेलेलं नाही. परत जोडा आणि तेच अपडेट पुन्हा चालवा.

अपडेटनंतर आखलेले मार्ग बदलतात

याबद्दल नव्या माणसाला कोणी सांगत नाही, आणि त्रास सगळ्यात जास्त इथेच होतो. तुम्ही आखलेला मार्ग म्हणजे मुळात काही बिंदू, आणि त्यांना जोडणारा रस्ता यंत्र आपल्या नकाशावरून काढतं. नकाशा बदलला की बहुतेक यंत्रं तो पुन्हा काढतात. बिंदू तेच, पण मधला रस्ता वेगळा! तुम्ही वळणावळणाचा जुना घाट निवडलेला असतो आणि यंत्र आता शेजारच्या नव्या बोगद्यातून नेतं.

दुसरा प्रकार याहून विचित्र. नव्या नकाशात रस्त्याची रेघ जराशी सरकलेली असते. तुमचा बिंदू पूर्वी रस्त्यावर होता, आता तो दुभाजकाच्या पलीकडच्या बाजूवर किंवा एखाद्या बोळात पडतो. यंत्र इमानेइतबारे पुढे नेतं, वळवून मागे आणतं आणि बिंदूला शिवून परत पाठवतं.

उपाय सोपे आहेत. बिंदू ठेवताना नकाशा भरपूर मोठा करून तो रस्त्याच्या मधोमध, चौकापासून दूर ठेवा. हवा तोच रस्ता धरायला लावायचा असेल तर अधेमधे जास्त बिंदू टाका. त्यातले थांबायचे नसलेले बिंदू 'शेपिंग पॉइंट' करा, म्हणजे एखादा चुकला तरी यंत्र मागे फिरण्याचा हट्ट धरत नाही. आणि प्रत्येक महत्त्वाचा मार्ग 'ट्रॅक' म्हणूनही जतन करा. ट्रॅक ही अक्षांश-रेखांशांची नुसती माळ असते, ती नकाशा बदलल्याने हलत नाही. पडद्यावर ट्रॅक आणि मार्ग एकावर एक लावले की दोघं कुठे फुटतात ते लगेच दिसतं.

अपडेटनंतर 'टाळा' यादीही बघा. कच्चे रस्ते, महामार्ग, टोल टाळण्याच्या खुणा पूर्वीसारख्या आहेत ना, वाहनात बाइकच निवडलेली आहे ना. या खुणा बदलल्या की मार्गही बदलतो.

दोन नकाशे एकाच वेळी चालू नकोत

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा. एमकेजीमॅप या साधनाने त्याचा गार्मिनमध्ये चालणारा नकाशा तयार करता येतो, आणि तयार नकाशेही फुकट मिळतात. पायवाटा आणि कच्च्या रस्त्यांसाठी तो अनेक ठिकाणी कंपनीच्या नकाशापेक्षा सरस असतो. कार्डावर जरूर ठेवा. मात्र एकाच भागाचे दोन नकाशे चालू राहिले तर रेघांवर रेघा चढतात आणि यंत्र रस्ता कोणत्या नकाशावरून आखतंय हे कळेनासं होतं. सेटिंगमधल्या नकाशांच्या यादीत, गार्मिनमध्ये 'मायमॅप्स'मध्ये, एकालाच बरोबरची खूण ठेवा. अपडेटनंतर ही खूण तपासा. नवा नकाशा दिसत नाही अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा इथे बघायचं.

'लाइफटाइम' म्हणजे कोणाचं आयुष्य

खोक्यावरच्या 'लाइफटाइम मॅप्स'मधलं आयुष्य यंत्राचं असतं, तुमचं नव्हे. कंपनी त्या यंत्राला नकाशे पुरवणं थांबवेल तेव्हा ते संपलं. हा हक्क दुसऱ्या यंत्राला देता येत नाही. वापरलेलं यंत्र घेत असाल तर पैसे देण्याआधी ते संगणकाला जोडून अपडेट खरोखर मिळतं का, आणि फुकट मिळतं का, हे डोळ्यांनी बघा.

नवी आवृत्ती आली की लगेच घेतलीच पाहिजे असं नाही. मोठ्या प्रवासाआधी एक आणि एरवी वर्षाकाठी एखादं, एवढं पुष्कळ होतं.

निघण्याआधी तपासणी

नकाशाच्या माहितीत आवृत्तीचा आकडा बघा, त्यात सहसा वर्ष असतं. मग जिथे जायचंय तिथल्या एखाद्या लहान गावातली गल्ली शोधा. ती सापडली तर त्या भागाचा तपशीलवार नकाशा आत आहे. आखलेला मार्ग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटाने सरकवत बघा आणि ओळखीच्या रस्त्यावर एक फेरी मारा. आवाज येतोय ना, हेल्मेटमध्ये ब्लूटूथ जोडलं जातंय ना, तेही याच फेरीत कळेल.

एवढं करूनही नुकताच झालेला रस्ता नकाशात नसला तर तुमचं काही चुकलेलं नाही. माहिती गोळा होऊन, तपासून नकाशा बाहेर पडेपर्यंत बराच काळ जातो, त्यामुळे आज आलेला नकाशाही थोडा जुनाच असतो. अशी उणीव कळवता येते. गार्मिनच्या नकाशांचा मोठा भाग हिअर कंपनीच्या माहितीवर उभा आहे आणि तिच्या मॅप क्रिएटरमध्ये दुरुस्ती सुचवता येते. टॉमटॉमकडेही तशी सोय आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर तर खातं उघडून रस्ता स्वतःच काढता येतो, आणि तुमच्या बाइकच्या वाटेची नोंद त्यासाठी खाली अंथरायला उपयोगी पडते.